एक क्लिक म्हणजे किती?

(कोल्हापुरात नवोदित नेमबाज आणि त्यांच्या पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

पोरांनो, आणि मागं बसलेल्या पालक मंडळींनो, नमस्कार.

आधी सगळ्यांनी उजवा हात सरळ पुढं करा. कोपर वाकवू नका. करंगळी उभी धरा, एक डोळा मिटा आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघा. करंगळीनं जेवढी जागा झाकली, तो साधारण एक अंश. त्या एका अंशाचे साठ भाग केले की एक मिनिट. इंग्रजीत त्याला एमओए म्हणतात. हे वेळेचं मिनिट नव्हे, कोनाचं. आणि तुमच्या रायफलवरच्या दुर्बिणीच्या टरेटवर, म्हणजे नेम वर-खाली, डावी-उजवीकडं सरकवायच्या फिरत्या बटणावर, बहुधा लिहिलेलं असतं की एक क्लिक म्हणजे पाव मिनिट. म्हणजे तुमच्या करंगळीच्या रुंदीत अशी 240 क्लिक बसतात. टरेट फिरवताना बोटाला जी टक् लागते, ती इतकी बारीक असते.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा: "सर, एक क्लिक म्हणजे किती सेंटिमीटर?" पोरांनो, प्रश्नच अर्धा आहे. किती अंतरावर, ते सांगितल्याशिवाय उत्तर नाही. क्लिक हा कोन आहे. कोन तोच राहतो आणि अंतर वाढेल तसा तो पसरत जातो. 100 मीटरवर एक मिनिट म्हणजे 2.9 सेंटिमीटर, 300 मीटरवर 8.7. इथून पन्हाळा रस्त्यानं वीस किलोमीटर. सरळ रेषेतही तेवढंच धरू, हिशोब सोपा जाईल. तिथं तेच एक मिनिट जवळपास 6 मीटर होतं.

दुसरं माप मिलचं. मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग. 100 मीटरवर 10 सेंटिमीटर, हजार मीटरवर 1 मीटर, पन्हाळ्यावर 20 मीटर. मिलच्या दुर्बिणीत एक क्लिक बहुतेक वेळा 0.1 मिलचं असतं, म्हणजे 100 मीटरवर 1 सेंटिमीटर. आपण मीटरमध्ये विचार करणारी माणसं, त्यामुळं मला मिल जास्त सोयीचं वाटतं. पण मिनिटवाली दुर्बीण वाईट आणि मिलवाली चांगली असं काही नाही. दोन्ही मापं एकत्र मिसळणं मात्र वाईट. एक मिल म्हणजे 3.44 मिनिटं, हा आकडा पाठ करा.

तो मी कसा पाठ केला, ते सांगतो. फौजेतून निवृत्त झाल्यावर एका स्पर्धेत उतरलो होतो, 500 मीटरचा फायर. दुर्बीण मित्राकडून मागून आणलेली. पहिली गोळी खाली लागली. रेटिकलवर, म्हणजे दुर्बिणीच्या आतल्या मापाच्या रेघांवर मोजलं, बरोबर एक मिल खाली. मी दहा क्लिक वर दिली. दुसरी गोळीही खालीच, साधारण 14 सेंटिमीटर. मी श्वासाला दोष दिला, खांद्याला दिला, बोटाला दिला. रेटिकल मिलचं होतं आणि टरेट मिनिटाचं, हे टरेटवर बारीक अक्षरात लिहिलेलं मी वाचलंच नव्हतं. चौदा क्लिक द्यायला हवी होती. त्या दिवसाचे गुण गेले, त्याचं वाईट आजही वाटतं. दुर्बीण हातात घेतली की आधी टरेट वाचा, मग आत बघा.

आता टरेट फिरवायचं तरी कशासाठी? गोळी नळीतून सुटली की त्या क्षणापासून खाली पडायला लागते, हातातून सुटलेल्या दगडासारखीच. पॉइंट टू टूची, म्हणजे 0.22 इंची छोट्या रायफलची गोळी 50 मीटर जाते तेवढ्या वेळात नळीच्या रेषेखाली साधारण 12 सेंटिमीटर येते. मोठ्या रायफलची गोळी हजार मीटरवर पोहोचेपर्यंत 10 मीटरहून जास्त पडलेली असते. म्हणून नळी थोडी वर तोंड करून धरावी लागते आणि ते 'थोडी' किती, तेच एलिव्हेशनचं, म्हणजे वर-खालीचं टरेट ठरवतं.

एक हिशोब करू. 300 मीटर. पाच गोळ्यांचा ग्रुप 12 सेंटिमीटर खाली आणि 6 सेंटिमीटर डावीकडं. तिथं एक मिल म्हणजे 30 सेंटिमीटर, एक क्लिक 3. म्हणजे चार क्लिक वर, दोन उजवीकडं. टरेटवरचा बाण गोळी कुठं जाईल ते दाखवतो, त्यामुळं गोळी जिकडं न्यायची तिकडंच फिरवायचं. फौजेत उघड्या साइटवर शिकलेल्यांचा इथंच घोळ होतो, कारण पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, उलट चालते: गोळी खाली तर माशी खाली.

मी 'ग्रुप' म्हणालो, एक गोळी नाही म्हणालो. एका गोळीवर टरेटला हात लावू नका. ती वाऱ्यानं गेली असेल, ट्रिगर ओढल्यानं गेली असेल. फौजेत नेम धरण्याला 'शिस्त लेना' म्हणतात. मराठीत हा शब्द ज्या अर्थानं आपण वापरतो, तोही मला इथं लागू वाटतो.

ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालत नाही, भोकाची साइट असते. पण तिलाही क्लिक असतातच. 50 मीटरवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं. पाव मिनिटाचं क्लिक धरलं तर तिथं 3.6 मिलिमीटर. तीन क्लिक चुकली की मधोमध बसणारी गोळी नवात जाते. आपल्या तेजस्विनी सावंतनं 2010 साली म्युनिकला 600 पैकी 597 मारले, म्हणजे साठ गोळ्यांत गेले फक्त तीन गुण! राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 साली पॅरिसला कांस्यपदक घेतलं, त्याचे गुण 451.4. शेवटचा तो पॉइंट चार बघा. अंतिम फेरीत मोजणी दशांशावर चालते.

दोन गोष्टी पटकन. पॅरलॅक्स, म्हणजे डोळा हलला की दुर्बिणीतला क्रॉस लक्ष्यावरून सरकल्यासारखा दिसणं: रायफल टेकवून स्थिर ठेवा, डोकं किंचित हलवा, क्रॉस लक्ष्यावरून सरकला तर बाजूची चकती फिरवून तो थांबवा. आणि तुमचं रेटिकल झूमबरोबर मोठं होत नसेल, तर त्याची मापं एकाच झूमवर खरी असतात. ते झूम दुर्बिणीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

टरेट खोटं बोलतंय का, हेही तपासायला हवं. सकाळी वारा उठायच्या आत मोठा कागद लावा. पहिली गोळी मारा. दहा क्लिक वर, एक गोळी. दहा उजवीकडं, एक गोळी. दहा खाली, एक गोळी. दहा डावीकडं आणि पाचवी गोळी. प्रत्येक वेळी नेम त्याच ठिपक्यावर. कागदावर चौकोन उमटेल. त्याची बाजू पट्टीनं मोजा, वहीत तारखेसह लिहा आणि पाचवं भोक पहिल्यापासून किती लांब पडलं तेही लिहा. येत्या रविवारी त्या वह्या घेऊन या, प्रत्येकाची मी बघणार आहे.