पूर्वपक्ष मांडता यावा म्हणून

श्रोतेहो, नमस्कार.

तत्त्वज्ञान हा विषय घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींना घरी पहिल्यांदा विचारले जाते, ‘याचा पुढे उपयोग काय?’ प्रश्न रास्त आहे. त्यावर मी नोकऱ्यांची यादी वाचणार नाही. पदवीच्या तीन वर्षांत विद्यार्थ्याच्या अंगी काय बाणायला हवे, एवढेच सांगणार आहे. माझ्या मते, त्याला पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, मांडता आला पाहिजे.

आपल्या शास्त्रग्रंथांत स्वतःचा सिद्धान्त सांगण्याआधी प्रतिपक्षाचे म्हणणे मांडतात, आणि चांगला ग्रंथकार ते अशा ताकदीने मांडतो की वाचकाला क्षणभर तेच पटावे. उत्तरपत्रिका तपासताना मात्र ‘शंकराचार्यांनी बौद्धमताचे खंडन केले’ हे वाक्य मला वारंवार भेटते, आणि क्षणिकवाद, म्हणजे प्रत्येक वस्तू क्षणभरच टिकते हे मत, मांडण्याची गरज बौद्धांना का वाटली, याविषयी पुढे अवाक्षरही नसते. अशा उत्तराला गुण द्यावे लागतात, पण देताना जीव हळहळतो.

१९८३ साली पुण्यात प्रा. मे. पुं. रेगे, दयाकृष्ण आदी तत्त्वज्ञांच्या पुढाकाराने परंपरेने न्यायशास्त्र, म्हणजे तर्क आणि प्रमाणांचे आपले शास्त्र, शिकलेले पंडित आणि इंग्रजीतून तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक समोरासमोर बसले, आणि ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलचा ‘विधाना’विषयीचा, म्हणजे वाक्यातून जे सांगितले जाते त्याविषयीचा, विचार संस्कृतात पंडितांपुढे ठेवला गेला. हे काम केवळ भाषांतराचे नव्हते. न्यायमतात वाक्य आहे, ज्ञान आहे, ज्ञानाचा विषय आहे. या सर्वांहून निराळे ‘विधान’ मानायचेच कशाला, अशी शंका तिथे साहजिकच उभी राहते, आणि रसेलची बाजू घेणाऱ्याला आपण काय गृहीत धरून चाललो होतो ते तपासावे लागते.

न्यायशास्त्रातले नेहमीचे उदाहरण घ्या. धूर दिसला की अग्नी आहे असे म्हणता येते, पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. धुराला ओल्या इंधनाचा संयोग लागतो. या लपलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात.

हे शिकवून झाल्यावर एका विद्यार्थिनीने वडिलांचे मत वर्गात आणले: इंग्रजी शाळेतली मुले पुढे जातात, म्हणून धाकट्या भावाला तिथेच घालायचे. उपाधी तिने चटकन शोधली. त्या मुलांच्या घरची ऐपत आणि शिकलेले आईवडील. ती जिंकल्यासारखी खाली बसत होती, तेवढ्यात मी तिला म्हणालो, ‘आता वडिलांची बाजू त्यांच्यापेक्षा चांगली मांडून आण.’

दुसऱ्या दिवशी तिने दीड पान लिहून आणले. त्यात ऐपतीचा मुद्दा मान्य करून पुढे लिहिले होते की, मुलाखतीत इंग्रजी बोलता न आल्याने वडिलांना परत पाठवले गेले होते, आणि ही गोष्ट तिला आदल्या रात्री, त्यांना विचारल्यावर, पहिल्यांदा कळली.