एका खोलीचा, एका रात्रीचा हिशेब

बाथरूममध्ये आरशाखाली एक छोटे कार्ड उभे आहे. टॉवेल दांडीवर घातला तर तो पुन्हा वापरला जाईल आणि खाली टाकला तर बदलला जाईल, एवढेच त्यावर छापलेले आहे. पाहुणा टॉवेल दांडीवर नीट घालून बाहेर पडतो. थोड्या वेळाने हाउसकीपिंगची ट्रॉली दारापाशी येते आणि तोच टॉवेल चादरींबरोबर लिननच्या पिशवीत जातो. यात खोली आवरणाऱ्या मुलाला दोष देता येणार नाही. सुपरवायझरच्या तपासणीत खोली नव्यासारखी दिसली पाहिजे, हे त्याला पहिल्या दिवसापासून बजावलेले असते. दांडीवरच्या टॉवेलाचे काय करायचे, हे मात्र बहुधा कोणी सांगितलेले नसते.

हॉटेलांसाठी शाश्वततेचे जे निकष आज जगभर आधारभूत मानले जातात, ते जागतिक शाश्वत पर्यटन परिषदेचे. व्यवस्थापन, स्थानिक समाज आणि अर्थकारण, सांस्कृतिक वारसा व पर्यावरण अशा चार भागांत ते मांडलेले आहेत. परिषद स्वतः कोणत्याही हॉटेलाला प्रमाणपत्र देत नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना ती मान्यता देते. कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण या निकषांत पहिल्याच, म्हणजे व्यवस्थापनाच्या भागात येते. आपल्याकडे पुष्कळदा सुरुवात गच्चीवरच्या सौर पॅनेलपासून होते आणि ट्रॉली ढकलणाऱ्याची पाळी सर्वांत शेवटी येते.

मुंबईत विलेपार्ल्याला, विमानतळाच्या शेजारी, विठ्ठल कामत यांनी १९९७ मध्ये सुरू केलेले ऑर्किड हे इकोटेल, म्हणजे पर्यावरणस्नेही हॉटेलांना दिले जाणारे, प्रमाणपत्र मिळवणारे आशियातील पहिले पंचतारांकित हॉटेल म्हणून ओळखले जाते. तिथल्या खोल्यांत एसीच्या नियंत्रकावर एक हिरवे बटण बसवलेले होते, आणि पाहुण्याने ते दाबले की खोलीचे तापमान दोन अंशांनी वर जात असे. तापमान एका अंशाने वाढवले तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. त्या हिशेबाने हे बटण दिसते तेवढे किरकोळ नाही.

पाण्याचा निकष तपासायला तर यंत्रही लागत नाही. डेन्मार्कमध्ये १९९४ साली सुरू झालेल्या ग्रीन की प्रमाणपत्राच्या निकषांत शॉवरचा प्रवाह मिनिटाला ९ लिटरपर्यंत मर्यादित ठेवण्याची अट आहे. शॉवरखाली बादली धरायची, घड्याळात एक मिनिट मोजायचे आणि बादलीत किती पाणी जमले ते पाहायचे. मिनिटाला १५ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली आठ मिनिटांच्या अंघोळीला १२० लिटर पाणी लागते. प्रवाह ९ लिटरवर आणला की तेच काम ७२ लिटरमध्ये भागते. वापरलेले पाणी तळघरातल्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातून, म्हणजे सगळ्यांच्या बोलण्यातल्या एसटीपीतून, बाहेर पडून बागेला, फ्लशला आणि कूलिंग टॉवरला जाते. तिथे ऑपरेटर दर पाळीला मीटरवरचा आकडा लॉगशीटवर उतरवतो. हाताने लिहिलेले, थोडे तेलकट झालेले ते कागद प्रमाणपत्रासाठी पाहणी करायला आलेल्या तपासनिसाला चकचकीत अहवालापेक्षा जास्त काही सांगून जातात.

आकडे नुसते लिहून मात्र भागत नाही, ते कशाने भागायचे हे ठरवावे लागते. हॉटेलांच्या कार्बन मोजणीसाठी जी सामाईक पद्धत रूढ आहे, तिच्यात उत्सर्जन भरलेल्या प्रत्येक खोलीमागे, दर दिवशी, किती झाले ते काढतात. गोव्यातल्या एखाद्या हॉटेलाचे पावसाळ्यातले वीजबिल खाली येते, पण लॉबीतले दिवे, शीतगृह आणि पंप अर्ध्या रिकाम्या इमारतीतही चालूच राहतात, त्यामुळे खोलीमागचा आकडा उलट वाढलेला दिसतो. दुसरी मेख लॉन्ड्रीची. चादरी-टॉवेल बाहेर धुवायला दिले की हॉटेलाच्या मीटरवर बचत दिसते, प्रत्यक्षात ते पाणी आणि ती वीज दुसऱ्याच्या आवारात खर्च होत असते. म्हणूनच या पद्धतीत बाहेर दिलेल्या धुलाईचाही वाटा हॉटेलाच्याच खात्यावर मांडावा लागतो. आमच्या मते सगळ्या नियमावलीतली ही सर्वांत प्रामाणिक अट आहे.

स्वयंपाकघरात निकषांच्या जोडीला कायदाही उभा असतो. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा निर्माते ठरवले आणि ओल्या कचऱ्याची विल्हेवाट शक्यतो आवारातच लावायला सांगितले. १ जुलै २०२२ पासून देशभर बंद झालेल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिक वस्तूंत स्ट्रॉ आणि प्लास्टिकचे चमचे आहेत, शॅम्पूच्या चिमुकल्या बाटल्या नाहीत. त्या हटवून भिंतीवर डिस्पेन्सर बसवायचे ते केवळ निकषांपोटी. तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांवर गेली की ते तेल पुन्हा वापरता येत नाही, आणि दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल लागणाऱ्या स्वयंपाकघरांना त्याची नोंद ठेवून वापरलेले तेल अधिकृत संकलकालाच द्यावे लागते. मागच्या दाराशी, गॅस सिलिंडरांच्या पलीकडे, काळपट तेलाचे डबे झाकण लावून ठेवलेले असतात. तपासनीस ते मोजतो आणि मग स्टोअरकीपरकडे मागच्या महिन्यात नेलेल्या तेलाची पावती मागतो.