तुळशीपाशी मगर

(दृश्य: नदीकाठच्या घराचं अंगण, घोटाभर गढूळ पाणी)

बडोद्याच्या विश्वामित्री नदीचं पाणी रात्रीतून उतरलं आणि जाताना ही पाहुणी मागे ठेवून गेलं. चांगली सहा-साडेसहा फुटांची मगर, तुळशीवृंदावनाला अंग टेकून पडलेली. काकू खिडकीतून विचारतायत, “अरे, तुळशीला पाणी कधी घालू?”

“काकू, आज तिला भरपूर मिळालंय. तुम्ही दार तेवढं लावून घ्या.”

(दृश्य: गोणपाट, दोर)

आधी गर्दी मागे सारायची. मोबाईल धरलेले हात सगळ्यात शेवटी हटतात. मग ओलं गोणपाट डोळ्यांवर. दिसेनासं झालं की मगर निम्मी निवते. वरच्या जबड्याला दोराचा फास. मगरीचा चावा हाड मोडतो, पण तोंड उघडणारे स्नायू अगदीच दुबळे. जबडा एकदा मिटला की चिकटपट्टीचे चार वेढे पुरतात. नाकपुड्या मात्र मोकळ्या हव्यात. शेपटीचा फटका चुकवत एक जण पाठीवर भार देतो, दुसरा मागचे पाय बांधतो. दोराशी झुंजताना तिच्या स्नायूंत आम्ल साठत जातं आणि फार दमवलेली मगर सुटकेनंतरही दगावू शकते. म्हणून फरफटत न्यायची नाही. फळीवर घ्यायची, चौघांनी उचलायची.

(दृश्य: काळ्या घोड्याचा पूल, काठावर ऊन खाणाऱ्या मगरी)

पावागडच्या डोंगरातून निघालेली ही नदी बडोद्याच्या मधोमध वाहते. काठच्या मातीत मगरी बिळं करतात, उन्हाळ्याच्या तोंडावर तिथेच खड्डा करून अंडी घालतात. कमाटीबाग दाखवून झाली की बडोदेकर पाहुण्यांना या पुलावर आणतातच. मगर गावात आली म्हणतात. खरं तर गाव तिच्या बिळापर्यंत गेलं.

२०२४ च्या ऑगस्टअखेर धोक्याची २५ फुटांची पातळी ओलांडून नदी ३७ फुटांवर गेली. २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांत वस्त्यांमधून २४ मगरी पकडल्या. सर्वात लहान २ फुटांची, सर्वात मोठी १४ फुटांची. ११ फुटांची एक तर सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागापाशी हजर! ते चित्रीकरण आपल्याकडे नाही, एवढीच हळहळ.

या काठावर माणसांवरही हल्ले झालेत, जीवही गेलेत. असा पूर पुन्हा येऊ नये म्हणून २०२५ मध्ये नदी खणून रुंद करायला घेतली.

(दृश्य: पिंजरा, नदीचा उतार)

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत मगर येते, त्यामुळे पिंजरा वनखात्याकडे जातो. जखमा तपासतात, पाणी उतरलं की नदीतच सोडतात. सोडताना क्रम उलटा: आधी पायांचा दोर, मग जबड्याची पट्टी, शेवटी डोळ्यांवरचं गोणपाट. आणि ते ओढणारा गडी सगळ्यांच्या आधी पळतो.