जुन्या बुलेटचा कार्ब्युरेटर: नवे किट बसवूनही आयडलिंग का बसत नाही?

[चित्रचौकट: टेबलावर उघडलेला अमल मोनोब्लॉक कार्ब्युरेटर, शेजारी न फोडलेले किट]

नमस्कार मंडळी. पुण्यात जुनी बुलेट बाळगणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी नाना पेठेतून कार्ब्युरेटरचे (हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या भागाचे) किट, म्हणजे सुट्या भागांचा संच, आणून बसवलेले असते, आणि तरीही सिग्नलला थांबल्यावर, म्हणजे आयडलिंगला, इंजिन कधी आपोआप रेस होते, तर कधी न सांगता बंद पडते, याचा अनुभवही घेतलेला असतो. मग दुसरे किट येते, एअर स्क्रू (आयडलिंगचे मिश्रण जुळवणारा स्क्रू) इकडे-तिकडे फिरवला जातो, आणि शेवटी ‘जुनी गाडी आहे, चालायचेच’ यावर प्रकरण मिटते. माझे म्हणणे असे आहे की यात गाडीच्या वयाला दोष देण्याचे कारण नाही. किटमधल्या मेन जेट आणि पायलट जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे भाग) फक्त पेट्रोल वाहते, त्यामुळे ते तुंबतात, पण सहसा झिजत नाहीत. झिजतात ते एकमेकांवर घासणारे भाग, म्हणजे मूठ फिरवली की बॉडीत वरखाली होऊन हवेची वाट कमीजास्त करणारी स्लाइड आणि तिला अडकवलेली, नीडल जेटमध्ये हलणारी निमुळती नीडल. स्लाइड तर बहुतेक किटांत नसतेच.

आज समोर आहे तो जुन्या 350 बुलेटवरचा अमल मोनोब्लॉक. नंतरच्या बुलेटवर मिककार्ब व्हीएम 24 आला. त्याची रचना थोडी वेगळी असली, तरी झिजेच्या जागा त्याच आहेत. कार्ब्युरेटरला हात लावण्यापूर्वी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) तपासून घ्या, कारण त्यातल्या दोषाची लक्षणेही अशीच दिसतात.

[जवळून: बोटाने स्लाइड मागेपुढे ढकलताना]

कार्ब्युरेटर गाडीवरून उतरवा, स्लाइड खाली बसू द्या आणि हवा शिरते त्या तोंडातून बोट घालून ती इंजिनाच्या दिशेने ढकलून पुन्हा सोडा. आवाज ऐका. ही स्पष्ट ‘टक्-टक्’ म्हणजे स्लाइड आणि बॉडी यांच्यातला गाळा, म्हणजे मोकळी फट, वाढला आहे. इंजिन चालू असताना सक्शनमुळे स्लाइड सतत इंजिनाच्या बाजूला ओढली जाते, आणि एअर फिल्टर काढून टाकलेल्या गाडीत रस्त्यावरची धूळ तेलाच्या वाफेत मिसळून तिथे चक्क ग्राइंडिंग पेस्टचे काम करते. त्यातच मूळ स्लाइड आणि बॉडी या दोन्ही जस्ताच्या मिश्रधातूच्या असल्या, तर सारख्या मऊ धातूंची ती जोडी एकमेकींना लवकर खाते. इथे प्रकाश मुद्दाम तिरपा धरला आहे. स्लाइडच्या इंजिनाकडच्या अंगावर हा जो चकाकणारा, उभ्या ओरखड्यांचा पट्टा दिसतो आहे, तीच ही झीज.

आयडलिंगला इंजिनाने घ्यायची हवा स्लाइडच्या खालच्या अरुंद फटीतून आणि पायलटच्या मार्गाने मोजून जायला हवी. स्लाइड झिजली की तिच्या दोन्ही अंगांनी जास्तीची हवा शिरते आणि त्या हवेला पुरेसे पेट्रोल मिळत नाही. आपण एअर स्क्रू आत फिरवून मिश्रण रिच (जास्त पेट्रोलचे) करतो आणि इंजिन तात्पुरते थाऱ्यावर येते, परंतु प्रत्येक वेळी थ्रॉटल सोडल्यावर स्लाइड थोड्या वेगळ्या ठिकाणी टेकत असल्याने शिरणारी हवाही दर वेळी वेगळी असते, आणि म्हणूनच सकाळी लावलेले सेटिंग संध्याकाळी राहत नाही.

हवा स्लाइडपाशीच शिरते आहे की फ्लँजपाशी, म्हणजे कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या पट्टीपाशी, हे ओळखण्यासाठी ग्रीस पुरते. इंजिन आयडलवर ठेवून फ्लँजच्या सांध्याभोवती जाड ग्रीस लावा. आवाज बदलला, तर दोष फ्लँजमध्ये आहे. काही जण त्या जागी पेट्रोलचा किंवा क्लीनरचा फवारा मारतात, पण तापलेल्या इंजिनाजवळ ते करू नये. फ्लँज सहसा आपणच वाकवलेली असते, कारण दोन्ही टोकांचे नट जोर लावून आवळले की मधला भाग कमानीसारखा उचलला जातो. कार्ब्युरेटर उतरवून फ्लँज सपाट काचेवर ठेवा आणि खाली चारशे नंबरचा पॉलिश पेपर पाण्याने ओला करून, इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने घासा. आधी मार्करने रंगवून घेतलेली निळी शाई सगळीकडून सारखी गेली, की थांबावे.

[मायक्रोमीटर आणि टेलिस्कोपिक गेज दाखवावे]

आता स्लाइडच्या दुरुस्तीकडे येऊ, कारण खरे काम इथेच आहे. बॉडीचे भोक वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर, प्रत्येक ठिकाणी आडवे आणि उभे, मोजून घ्या. भोक सगळीकडे गोल असेल आणि केवळ स्लाइडच बारीक झालेली असेल, तर नवी स्लाइड घेणे पुरते. अमलसाठी हार्ड ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमच्या स्लाइड मिळतात आणि मूळ धातूपेक्षा त्या कितीतरी जास्त टिकतात. भोक लंबगोल झाले असेल, तर मात्र नवी स्लाइड टाकणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. अशा वेळी भोक आधी गोल करून घ्यावे लागते आणि वाढलेल्या मापानुसार स्लाइडवर पितळी स्लीव्ह चढवावी लागते. भोसरीत लेथवर बारीक काम करणारे टर्नर आहेत. त्यांना ‘फिट बसेल असे करा’ असे मोघम न सांगता हवा असलेला गाळा शतांश मिलिमीटरमध्ये लिहून द्यावा.

पितळच का, असे कोणी विचारले तर त्याला कारण आहे. तापल्यावर जस्ताचा मिश्रधातू पितळेपेक्षाही जास्त फुगतो आणि ॲल्युमिनियमपेक्षाही, त्यामुळे गरम इंजिनावर भोक स्लाइडपेक्षा अधिक मोठे होते आणि स्लाइड अडकण्याची भीती राहत नाही. मात्र हा मिश्रधातू साधारण 380 ते 390 अंश सेल्सियसला वितळतो, तेव्हा बॉडीवर गॅसची ज्योत धरू नका. अडकलेला भाग सोडवायला उकळते पाणी पुरते.

स्लीव्ह चढवल्यावर स्लाइडची खाच आणि पुढचा तिरपा काप मूळ मापाने पुन्हा कापून घ्यावा लागतो. हा काप थ्रॉटल एक-अष्टमांश ते पाव उघडलेला असतानाचे मिश्रण ठरवतो. अमलच्या स्लाइडवर ‘376/3’ असा आकडा असेल, तर तिरप्या रेघेनंतरचा आकडा म्हणजे कापाची उंची, इंचाच्या सोळाव्या भागांमध्ये. इथे ती तीन-सोळांश इंच आहे. जुनी स्लाइड टर्नरकडे नमुना म्हणून द्या आणि आठवणीने परत आणा.

[जवळून: भिंगाखाली नीडल जेट]

नीडल जेटचे नुकसान डोळ्यांना सहज दिसत नाही, म्हणून घड्याळजीचे भिंग घ्या. अमलचे हे जेट 0.105, 0.106, 0.107 इंच अशा क्रमाने येतात, म्हणजे दोन नंबरांमधला फरक इंचाचा केवळ एक हजारांश, जेमतेम पंचवीस मायक्रॉन आहे. नीडल एकाच बाजूला घासून भोक एवढेच मोठे झाले, तरी तुमचा 106 नंबरचा जेट व्यवहारात 107 चा झालेला असतो. पेट्रोल नीडल आणि भोक यांच्यामधल्या कड्याएवढ्या जागेतून वर येत असल्यामुळे मिश्रणावर या छोट्या झिजेचा परिणाम फार मोठा होतो. पाव ते पाऊण थ्रॉटलमध्ये गाडी भरल्यासारखी चालते, प्लग काळा पडतो आणि ॲव्हरेज कोसळते. मेन जेट बारीक करून हा दोष जात नाही, कारण मेन जेटचा अंमल पाऊण थ्रॉटलच्या पुढे सुरू होतो. नीडल आणि नीडल जेट एकत्र झिजतात, तेव्हा बदलायचे तर दोन्ही एकत्रच बदलावेत. किटमधली नीडल जुन्या नीडलशेजारी धरून लांबी आणि निमुळतेपणा ताडून पाहावा. माझ्या हातात आलेल्या एका किटमधली नीडल दुसऱ्याच कार्ब्युरेटरची निघाली होती.

ओव्हरफ्लोबद्दल, म्हणजे कार्ब्युरेटरमधून पेट्रोल वाहून जाण्याबद्दल, थोडक्यात. फ्लोट नीडलच्या (फ्लोट वर आला की पेट्रोल बंद करणाऱ्या सुईच्या) टोकावर गोल कडे उमटले असेल, तर ती घासून बसवण्याचा खटाटोप न करता सीटसह नवी घालावी. पितळी फ्लोट कानाजवळ हलवल्यावर आत पेट्रोल डचमळल्याचे कळते. गरम पाण्यात बुडवल्यास बुडबुडे छिद्राची जागा दाखवतात. छिद्र बुजवायला डाग (सोल्डर) देण्यापूर्वी आतले पेट्रोल आणि त्याची वाफ पूर्ण निघून जाऊ द्या, अन्यथा फ्लोट हातात फुटेल. डाग कमीत कमी द्यावा, कारण जड झालेला फ्लोट इंधनाची पातळी वाढवतो.

आजकाल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढते आणि जस्ताच्या बॉडीत पांढरी भुकटी साठते, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल, तर फ्लोट चेंबर रिकामे करा. शिवाय तेवढ्याच हवेसाठी हे पेट्रोल साधारण सात-आठ टक्के जास्त लागते. एवढी दुरुस्ती करूनही पूर्ण थ्रॉटलला गाडी कमजोर वाटली, तर मेन जेट एक नंबर मोठा घालून पाहणे योग्य ठरेल. मात्र ही पायरी शेवटची आहे.

जोडणी झाल्यावर एअर स्क्रू पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर काढा, नीडलची क्लिप मधल्या खाचेत ठेवा आणि आयडलिंग इंजिन पूर्ण गरम झाल्यावरच बसवा. ॲक्सिलरेटरच्या मुठीवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा आणि पाऊण थ्रॉटलच्या खुणा करा, मग जुन्या कात्रज घाटात, रहदारी नसेल अशा वेळी, अर्ध्या खुणेवर मूठ स्थिर धरून चढा. गाडी भरल्यासारखी, जड आवाजात चालली, तर क्लिप एक खाच वर घेऊन नीडल खाली करा; धक्के देऊ लागली किंवा कार्ब्युरेटरमधून फुटू लागली, तर क्लिप एक खाच खाली घ्या. एका वेळी एकच बदल करा आणि तोच चढ पुन्हा चढून पाहा.