ड्रॉ लागला की आधी वजन बघा

श्रोतेहो, नमस्कार.

राष्ट्रीय मुष्टियुद्ध स्पर्धा जवळ आली की आमच्या व्यायामशाळेतली पोरं मला घेरतात. ‘सर, यंदा कोण मारणार?’ त्यांना एखादं नाव हवं असतं. निखत, लवलीना, जास्मिन, हितेश. मी त्यांना उलट विचारतो, ‘कुठल्या वजनात?’ पोरांना वाटतं, सर उत्तर टाळताहेत. पण खरं सांगतो, ह्या वेळी नावांवरून काही कळायचं नाही. कोण कुठल्या वजनात उतरतंय, त्यावर ही स्पर्धा ठरणार आहे.

असं का, ते आधी सांगतो. वर्ल्ड बॉक्सिंग ही नवी आंतरराष्ट्रीय संघटना आली आणि तिने वजनगट नव्याने आखले. पुरुषांचे दहा, स्त्रियांचे दहा. पुरुषांत पूर्वी 51, 57, 63.5, 71 असे आकडे आपल्या तोंडी बसले होते. आता 50, 55, 60, 65, 70 अशी पाच-पाच किलोंची पायरी आहे. म्हणजे जो मुलगा 57 किलोत तयार झाला, त्याने दोन किलो उतरवून 55 ला यायचं, नाहीतर तीन किलो अंगावर घेऊन 60 च्या जाडजूड गड्यांसमोर उभं राहायचं. आणि ह्या दहा गटांतले सगळेच गट ऑलिम्पिकला नाहीत. लॉस एंजेलिसला 2028 साली पुरुषांचे सात आणि स्त्रियांचे सात गट असणार आहेत. स्त्रियांचा 48 किलोचा गट तिथे नाही. 80 नाही, 80 च्या वरचाही नाही. पुरुषांचा 50 किलोचा नाही.

आता हे मनात ठेवा आणि मीनाक्षी हुडाचा विचार करा. रोहतक जिल्ह्यातल्या रुडकी गावची मुलगी, वडील रिक्षा चालवायचे. सप्टेंबर 2025 मध्ये लिव्हरपूलला ती 48 किलोत जगज्जेती झाली. अंतिम लढतीत कझाकस्तानच्या नाझिम किझाइबायला तिने 4-1 ने, म्हणजे पाचपैकी चार पंचांच्या कौलाने हरवलं, पॅरिस ऑलिम्पिकची पदकविजेती होती ती. एवढं करूनही ऑलिम्पिकच्या दारात मीनाक्षीला तिच्या वजनाची पाटीच दिसत नाही. जायचं तर 51 मध्ये जावं लागणार. आणि 51 मध्ये कोण आहे? निजामाबादची निखत झरीन, 2022 आणि 2023 अशी दोनदा जगज्जेती. तिच्या शेजारी भिवानीची नीतू घंघास. नीतूने 2023 मध्ये दिल्लीत 48 किलोत जागतिक सुवर्ण मिळवलं, त्याआधी बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल सुवर्ण. तिलाही ऑलिम्पिकसाठी हाच रस्ता आहे. तीन जगज्जेत्या आणि जागा एक. म्हणून म्हणतो, आज ना उद्या ह्या तिघी एकाच गटात समोरासमोर येणार, आणि तो दिवस राष्ट्रीय स्पर्धेतला असेल, तर ती लढत कुठल्याही परदेशी अंतिम लढतीच्या तोडीची असेल.

तीन किलो म्हणजे काय मोठंसं, असं घरी बसून वाटतं. ज्याने वजन उतरवलेलं आहे त्याला विचारा. ह्या खेळात ज्या दिवशी लढत, त्या दिवशी सकाळी वजन द्यावं लागतं. एकदा काट्यावर पास झालात म्हणून भागत नाही. सहा दिवसांत पाच लढती असतील, तर पाच सकाळी काट्यावर उभं राहायचं. मी एक प्रसंग विसरू शकत नाही. राज्य स्पर्धेला माझा एक मुलगा पहाटे साडेपाचला काट्यावर उभा राहिला आणि दोनशे ग्रॅम जास्त निघाला. हातात तासभर होता. दोन स्वेटर, वर रेनकोट चढवून तो वसतिगृहाच्या न्हाणीघरात गरम पाण्याचे नळ सोडून दोरीवर उड्या मारत होता. ओठांना पांढरी पापडी आलेली. मी बादलीपाशी उभा, तो त्यात थुंकत होता, कारण थुंकीचंही वजन असतं. शेवटी अंगावरचे सगळे कपडे काढून तो काट्यावर चढला. पास झाला. आणि दुपारी पहिल्याच राउंडमध्ये पाय लटपटायला लागले. आदल्या रात्री ‘खा रे, उद्या ताकद लागेल’ असं म्हणून त्याच्या हातात दोन केळी मीच दिली होती. ती चूक माझी होती. तेव्हापासून मी कुठल्याही स्पर्धेचा ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी लढणार ती यादी, हातात आला की आधी वजनाचा रकाना वाचतो आणि मग नाव.

बरं, 54 आणि 57 किलोकडे या. हे दोन्ही गट ऑलिम्पिकमध्ये आहेत, त्यामुळे इथे कुणाला घर बदलायचं नाही, आणि म्हणूनच इथल्या मुली सगळ्यात निवांत, सगळ्यात तयार वाटतात. 54 मध्ये प्रीती पवार. आडनाव ऐकून आपल्याकडचे बरेच जण विचारतात, कुठल्या गावची? ती भिवानीची, हरियाणाची. 2023 च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत तिला कांस्य मिळालं. पॅरिसच्या आधी काविळीने ती रुग्णालयात होती, तरी उतरली आणि कोलंबियाच्या येनी आरियासकडून अगदी थोडक्यात, 2-3 अशा फरकाने हरली. तिचा डावा हात मला फार आवडतो. समोरची हात टाकायला खांदा हलवते न हलवते तोच प्रीतीचा डावा तिथे पोहोचलेला असतो.

57 मध्ये जास्मिन लंबोरिया. उंच, लांब हाताची, लष्कराची खेळाडू. पॅरिसला पहिल्याच लढतीत हरून परतली होती. वर्षभराने लिव्हरपूलच्या अंतिम लढतीत पोलंडची युलिया शेरेमेटा, म्हणजे पॅरिसची रौप्यविजेती, तिच्यासमोर होती. पहिला राउंड शेरेमेटाकडे झुकला होता. दुसऱ्यापासून जास्मिनने अंतर स्वतःच्या हातात घेतलं. अंतर हातात घेणं म्हणजे काय? तुमचा ठोसा पोहोचेल आणि समोरच्याचा दोन बोटं कमी पडेल, एवढ्याच जागेवर पाय रोवणं. निकाल 4-1. ह्या दोघींना राष्ट्रीय स्पर्धेत कोण धक्का देईल, ह्याचं प्रामाणिक उत्तर असं की, दोघी आपल्या रंगात असतील तर मला कुणी दिसत नाही.

70 मध्ये कोट्याची अरुंधती चौधरी आणि 75 मध्ये लवलीना बोरगोहेन. लवलीनाबद्दल मी नव्याने काय सांगणार? टोकियोचं कांस्य, 2023 चं जागतिक सुवर्ण. तिची लढत बघताना मात्र तिच्या समोरच्या मुलीकडे लक्ष ठेवा. लवलीनासमोर तीनही राउंड उभी राहिलेली मुलगी पुढच्या दोन वर्षांत कुठे जाते, ते बघण्यासारखं असतं. 2022 च्या डिसेंबरात भोपाळला हीच अरुंधती राष्ट्रीय अंतिम लढतीत लवलीनाकडून 5-0 अशी हरली होती. नोव्हेंबर 2025 मध्ये ग्रेटर नोएडाला विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत तिने 70 किलोत सुवर्ण घेतलं.

त्या ग्रेटर नोएडाच्या स्पर्धेत भारताला नऊ सुवर्णं मिळाली. त्यांतली सात मुलींची आणि दोन मुलांची. आणि लिव्हरपूलला आपल्या पुरुषांना एकही पदक नव्हतं. 2013 नंतर पहिल्यांदाच असं झालं. हे बोचतं. ज्या देशात हवासिंगने 1966 आणि 1970 अशी दोन आशियाई सुवर्णं जिंकली, अकरा वेळा सलग राष्ट्रीय हेवीवेट किताब ठेवला, ज्या देशातून विजेंदर, शिव थापा, अमित पंघाल आले, तिथे पुरुषांचा खेळ असा मागे का पडावा? म्हणून मला ह्या वेळी पुरुषांच्या लढतींची जास्त ओढ आहे.

70 किलो बघा. तिथे, म्हणजे तेव्हाच्या 71 मध्ये, निशांत देव होता, पॅरिसच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेलेला. तो जानेवारी 2025 मध्ये व्यावसायिक झाला आणि जागा मोकळी झाली. ती हितेश गुलियाने घेतली, नौदलाचा मुलगा, झज्जरचा. ब्राझीलमध्ये एप्रिल 2025 ला विश्वचषकाचं सुवर्ण आणि मग ग्रेटर नोएडालाही. हितेश लांबून खेळतो, घाई करत नाही. 60 मध्ये सचिन सिवाच, ग्रेटर नोएडाचं दुसरं सुवर्ण. 65 मध्ये हिमाचलचा अभिनाश जामवाल आहे, त्याच्या खात्यात रौप्य आहे आणि सुवर्णाची भूक आहे. 50 मध्ये मणिपूरचा जदुमणी सिंग, चपळ, अंगात वारं भरल्यासारखा. पण तोही मीनाक्षीच्याच अडचणीत आहे. पन्नासचा गट ऑलिम्पिकला नाही, आणि 55 मध्ये त्याच्यापेक्षा हाडापेराने मोठी मुलं वाट बघताहेत. त्याने ह्या वेळी कुठे नाव दिलं, ते मी सगळ्यात आधी शोधणार आहे.

आता आपल्या घरचं. ‘ह्यात महाराष्ट्राचं कोण?’ हा प्रश्न दरवेळी येतो आणि लोक यादीत ‘महाराष्ट्र’ ह्या शब्दासमोरची नावं वाचून निराश होतात. तसं वाचू नका. राष्ट्रीय स्पर्धेत एका संघाला एका वजनात एकच खेळाडू देता येतो. राज्यांशिवाय सेनादल, रेल्वे, पोलीस ह्यांचेही संघ असतात. हरियाणात एका वजनात तीन तयार मुली असतील, तर एक हरियाणाकडून, एक रेल्वेकडून, एक पोलिसांकडून उतरते. जिथे नोकरी, तिथलं नाव बनियनच्या पाठीवर. आपल्या मुलांचंही तेच. बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला अनंता चोपडे अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला, 2019 मध्ये इंडोनेशियात प्रेसिडेंट्स कप स्पर्धेत त्याने सुवर्ण घेतलं, आणि राष्ट्रीय स्पर्धेत तो रेल्वेकडून खेळला. यादीत महाराष्ट्र शोधणाऱ्याला तो सापडलाच नसता. आणि उलटही आहे. पुण्यातल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये देशभरातून आलेले लष्कराचे मुष्टियोद्धे पहाटे घाम गाळतात. त्यांच्या पदकात पुण्याची हवा आणि पुण्याचं पाणी आहे, हे आपण अभिमानाने म्हणायला हरकत नाही.

आपल्या मुलींमध्ये दोन नावं मी लक्षात ठेवली आहेत. पुण्याची देविका घोरपडे, 2022 मध्ये स्पेनमधल्या ला नुसियाला युवा जगज्जेती, 52 किलोत. वरिष्ठ गटात 52 नाहीच. म्हणजे 51 च्या त्या भट्टीत उतरायचं किंवा 54 मध्ये प्रीतीसमोर जायचं. अवघड आहे. पण ज्या वयात ती आहे, त्या वयात निखतसारखीसमोर नऊ मिनिटं घालवणं हीसुद्धा मोठी कमाई असते. दुसरी नागपूरची अल्फिया पठाण, 2021 ला पोलंडमध्ये वरच्या वजनात युवा जगज्जेती. पुढच्याच वर्षी कझाकस्तानात एलोर्डा कप स्पर्धेच्या अंतिम लढतीत तिने लझ्झत कुंगेबायेवाला हरवलं, म्हणजे 2016 च्या जगज्जेतीला तिच्याच घरात. अल्फियाच्या वाटेत नूपुर श्योराण आहे. ती हवासिंगची नात. लिव्हरपूलच्या अंतिम लढतीत पोलंडच्या आगाता काचमार्स्काकडून 3-2 ने हरलेली आणि नंतर ग्रेटर नोएडाला सुवर्ण घेतलेली. 80 च्या वरचा गट ऑलिम्पिकला नाही म्हणून वर्तमानपत्रं त्याला दोन ओळी देतील. तुम्ही तसं करू नका. नूपुर आणि अल्फिया समोरासमोर आल्या, तर हातातलं काम बाजूला ठेवून ती लढत बघा. दोघींचा पल्ला लांब, दोघींचा हात जड, आणि वरच्या वजनात शेवटच्या मिनिटाला हात खाली यायला लागतात तेव्हा कोण आधी गार्ड सोडतं, तिथे सगळं ठरतं.

बघताना एवढंच करा. पाच पंच प्रत्येक राउंड स्वतंत्र मोजतात, जिंकणाऱ्याला दहा गुण, हरणाऱ्याला बहुधा नऊ. म्हणून शेवटच्या राउंडच्या आरडाओरड्यावर जाऊ नका. पहिल्या दोन राउंडनंतर मुलगी कोपऱ्यात स्टुलावर बसते, प्रशिक्षक तिच्या तोंडातलं माउथगार्ड काढून पाण्याने धुतो, तेव्हा तिचा श्वास बघा. तोंड उघडं आहे की नाकाने चालला आहे? मी घरी बसून बघतो तेव्हा गुणांचा फलक झाकून ठेवतो आणि त्या एका मिनिटातल्या श्वासावरून तिसरा राउंड कुणाचा, ते वहीत लिहितो. माझा त्या न्हाणीघरातला मुलगा आता स्वतः तालुक्याच्या गावी मुलं शिकवतो. ड्रॉ लागला की पहिला फोन त्याचा येईल आणि तो विचारेल, ‘सर, 51 मध्ये कोण कोण आलं?’

नमस्कार.