कुलूप न लावता बंद झालेली ड्राइव्ह

परभणीच्या मोंढ्यातील एका अडत दुकानाचा लॅपटॉप गेल्या पावसाळ्यात विजेचा दाब एकाएकी वाढल्याने जळाला. मदरबोर्ड गेला होता, पण आतली एसएसडी, म्हणजे माहिती साठवणारी ड्राइव्ह, शाबूत होती. म्हणून मालकांनी ती काढून घेतली आणि माझ्या संगणकाला जोडायला आणली. ड्राइव्ह दिसली, पण तिच्या चित्रावर कुलूप होते आणि ती उघडू पाहताच ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे अडचणीत ड्राइव्ह उघडणारी राखीव किल्ली, मागणारी चौकट आली. मालक म्हणाले, "सर, आम्ही तर कुलूप लावलंच नव्हतं."

त्यांचे म्हणणे खरे होते. विंडोज १० आणि ११ असलेल्या पुष्कळ लॅपटॉपांवर, पहिल्यांदा सुरू करताना मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की, विंडोजमधील बिटलॉकर तंत्राने एन्क्रिप्शन आपोआप चालू होते, म्हणजे ड्राइव्हवरची माहिती किल्लीशिवाय वाचता येत नाही. रोज ड्राइव्ह उघडणारी किल्ली मदरबोर्डावरील टीपीएम नावाच्या चिपच्या ताब्यात असते आणि ती चिप फक्त आपल्याच, ओळखीच्या यंत्रासाठी किल्ली सोडते. त्यामुळे रोजचा पिन तोंडपाठ असला, तरी परक्या संगणकावर त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

या ४८ अंकांची रचना मला फार आवडते. सहा-सहा अंकांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो, म्हणून एखादा अंक चुकला तर त्या गटातच चूक पकडली जाते. प्रत्येक गटात १६ बिटांची (० किंवा १ अशा सोळा खुणांची) माहिती दडलेली असते. आठ गटांची मिळून १२८ बिटे होतात. इतक्या शक्यता अंदाजाने तपासणे कोणत्याही दुकानदाराच्या आवाक्यातले नाही, तेव्हा "दोन दिवसांत तोडून देतो" म्हणणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नये, आणि घाबरून फॉरमॅट तर मुळीच करू नये.

किल्ली तोडायची नसते, शोधायची असते. राखीव किल्ली पहिल्यांदा प्रवेश केलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. मालकांच्या खात्यात ती नव्हती, कारण लॅपटॉप नवा असताना तो नांदेडला शिकणाऱ्या भाच्याने सुरू करून दिला होता. त्याला फोन लावला. त्याच्या खात्यात तीन किल्ल्या निघाल्या. चौकटीतील की आयडीची पहिली आठ अक्षरे मी वाचून दाखवली, त्याने ती यादीशी ताडून पाहिली, आणि दुसरी किल्ली जुळली. माझ्या संगणकावर विंडोजची होम आवृत्ती होती. तिच्यातून जोडलेल्या ड्राइव्हला बिटलॉकर लावता येत नाही, पण किल्ली हाती असेल तर लावलेले उघडता येते.

ड्राइव्ह उघडल्यावर आधी हळद आणि सोयाबीनचे खाते दुसऱ्या डिस्कवर उतरवले, आणि मगच मालकांना चहा पाजला. भाच्याने सांगितलेली किल्ली त्यांनी स्वतःच्या हाताने रोकडवहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली, एकेका गटापुढे बरोबरची खूण करत.