मंगोलियन चित्रातला चेहरा

मित्रहो, मंगोलियन चित्रं म्हटली की घोडे, गवताळ माळ आणि मोठं आभाळ एवढंच आपल्या डोळ्यांपुढे येतं. मला आज बोलायचंय त्या चित्रांतल्या माणसाच्या चेहऱ्याबद्दल.

सुरुवात बाल्दूगीन शारव या चित्रकारापासून करावी लागते. जन्म १८६९ चा, संस्कार बौद्ध मठातल्या चित्रकलेचे. ‘मंगोलियातील एक दिवस’ हे त्याचं गाजलेलं चित्र विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं. सुती कापड आणि खनिज रंग, म्हणजे सामग्री थांग्काचीच, कापडावरच्या बौद्ध धार्मिक चित्राची. पण देवांच्या जागी माणसं आली. कुणी लोकरीचा नमदा बनवतंय, कुठे लग्न लागतंय, कुठे अंत्यविधी चाललाय. शेकडो माणसं, सगळी बोटाएवढी, आणि त्यांत नायक कुणीच नाही! नजर एका जागी ठरत नाही, भटकतच राहते.

याच शारवने बोग्द खानाचं, म्हणजे मंगोलियाच्या तेव्हाच्या धर्मगुरू-राजाचं, व्यक्तिचित्र काढलं. ते जवळून बघण्यासारखं आहे. चेहऱ्यावर छायाप्रकाश आहे, गाल-कपाळाला गोलाई आहे, फोटोत दिसावी तशी. आणि मानेखाली? वस्त्रावरची वेलबुट्टी सपाट, अगदी थांग्कातल्यासारखी. एकाच माणसाच्या अंगावर दोन चित्रपद्धती. काहींना हे कच्चं काम वाटतं. मला तर पुढच्या शंभर वर्षांच्या मंगोलियन चित्रकलेची किल्ली तिथेच सापडते.

१९२१ ची साम्यवादी क्रांती झाली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मठ उद्ध्वस्त झाले, हजारो लामा मारले गेले. थांग्का शिकवणारी परंपराच तुटली. चित्रकार मॉस्कोला जाऊ लागले. न्याम-ओसोरीन त्सुल्तेम १९४५ ते १९५१ तिथल्या सुरिकोव्ह संस्थेत शिकले. तैलरंग हळू वाळतो, एका छटेत दुसरी मिसळायला सवड देतो; त्वचेचा उबदारपणा त्यातून साधतो. तो चेहरा मंगोलियाला मिळाला, पण त्याबरोबर समाजवादी वास्तववादाची, म्हणजे राजवटीला हवं तसंच जीवन रंगवण्याची, चौकटही आली.

त्या चौकटीतही यादमसुरेन या चित्रकाराने १९५८ साली ‘म्हातारा खूरवादक’ रंगवला; खूर म्हणजे तिथलं तंतुवाद्य. शिक्षण मॉस्कोचं, तरी रेषा ठळक, रंग सपाट. तिथून ‘मंगोल झुराग’ ही राष्ट्रीय शैली नव्याने उभी राहिली. हे धाडस होतं, कारण काळ सोपा नव्हता; राष्ट्रीय अभिमानही संशयास्पद ठरे. १९६२ मध्ये चंगीज खानाची आठशेवी जयंती साजरी करण्यात पुढाकार घेणाऱ्या तोमोर-ओचिर या नेत्याला पदावरून हटवण्यात आलं.

१९९० नंतर ते दडपण गेलं. चंगीज कॅनव्हासवर परतला, बुद्धही परतला. चित्रकारांच्या हाती तैलरंगही आहे आणि झुरागची रेषाही. म्हणून सांगतो, आजचं एखादं मंगोलियन व्यक्तिचित्र समोर आलं, तर चेहरा बघून झाल्यावर लगेच पुढे सरकू नका. अंगातल्या ‘डेल’ची, म्हणजे पारंपरिक मंगोलियन अंगरख्याची, किनार बघा, तिच्यावरचं नक्षीकाम बघा, पाठीमागे क्षितिज आहे की नाही ते तपासा. चित्रकाराने मॉस्कोकडून किती घेतलं आणि मठाकडून किती, याचा हिशोब तिथे लागतो.